उजेड येतो, निरोप पोचत नाही: निफाडकडच्या एका मुलाचा रातांधळेपणा

डिसेंबरातल्या एका सकाळी निफाड तालुक्यातलं एक कुटुंब आमच्या दवाखान्यात आलं. द्राक्षांची गोडी छाटणी होऊन बागेत डिपिंगची, म्हणजे घड औषधात बुडवण्याची, घाई चाललेली असताना बागायतदार माणूस सगळा दिवस मोडून नाशिकला येतो, तेव्हा काम साधं नसतं. सोबत बायको, आई आणि चौथीत शिकणारा नऊ वर्षांचा मुलगा. मुलाच्या नाकावर जाड काचांचा चष्मा. आजीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात तीन वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या, पावत्या, रिपोर्ट.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं हे रोजचं काम, आणि त्याच्या जोडीला आमच्याकडे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) विजेची तपासणी, म्हणजे ईआरजी, मी करते. हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील गाळून.

तक्रार वडिलांनी एका वाक्यात सांगितली. "मॅडम, दिवस मावळला की हा उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकत नाही. बिबट्याची धास्ती घेतलीय त्यानं."

गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. आदल्या वर्षी त्यांच्याच शिवारातून एक कुत्रं उचललं गेलं होतं. त्यामुळे पोरगं रात्री बाहेर पडायला घाबरतं हे घरात सगळ्यांना पटलेलं. चुलतभाऊ त्याला भित्रा म्हणून चिडवत. वडील रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला निघाले की त्याला मुद्दाम सोबत नेत, धीट व्हावा म्हणून. तो वडिलांच्या शर्टाचं टोक सोडत नसे.

आई मात्र बराच वेळ गप्प होती. मग ती जे बोलली त्यानं माझा कागदावरचा हात थांबला. "घरातसुद्धा तेच होतं. जेवताना लाईट गेली तर हा ताटात हात फिरवत बसतो. आम्हाला थोड्या वेळानं दिसायला लागतं, याला नाही."

मी मुलालाच विचारलं, "बिबट्याची भीती वाटते का रे?"

"वाटते," तो म्हणाला. "पण मला माझे पायच दिसत नाहीत."

आता पिशवीतल्या कागदांकडे वळते. पहिल्या दोन वर्षांत अ जीवनसत्त्वाचे डोस झाले होते. घरी गाजरं, शेवग्याचा पाला, पपई, सगळं. आजीनं हे मनापासून केलेलं होतं आणि त्यात चूक काही नव्हती. आपल्याकडे रातांधळेपणा म्हटलं की पहिली शंका हीच घ्यावी, कारण हे कारण लवकर सापडलं तर पूर्ण बरं होतं. पण फरक पडला नाही. तिसऱ्या वर्षी एका ठिकाणी पडद्याचा घातक रोग, रेटिनायटिस पिगमेंटोसा, असं सांगितलं गेलं. नजर हळूहळू जाणार, तिशीपर्यंत फारसं उरणार नाही, आतापासून मनाची तयारी ठेवा. त्या दिवसापासून आईची झोप उडाली होती. हे निदान ईआरजीशिवाय, नुसत्या 'रात्री दिसत नाही' या तक्रारीवर दिलेलं होतं. मला याचा राग आला, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

तपासणीत आलं ते असं. दोन्ही डोळ्यांना उणे सातच्या आसपास नंबर. चष्मा लावून नजर ६/१२, म्हणजे नेहमीच्या निम्मी. नजर एका जागी स्थिर करायला सांगितली की डोळ्यांची अगदी बारीक थरथर. पडद्यावर मोठ्या नंबरामुळे येणारे बदल तेवढे, बाकी सगळं स्वच्छ. रेटिनायटिस पिगमेंटोसात दिसणारे काळे डाग नाहीत, रक्तवाहिन्या बारीक झालेल्या नाहीत. ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, थर नीट एकावर एक, कुठे पोकळी नाही. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत पांढऱ्या बुबुळावर दिसणारे फेसाळ ठिपके नाहीत, डोळे कोरडे नाहीत.

मग मी आईला विचारलं, हे केव्हापासून? आणि वाढत चाललंय का? "रांगायला लागला तेव्हापासून. अंधार झाला की जिथं असेल तिथं बसून राही. आणि वाढलं म्हणाल तर नाही, तेव्हा होतं तेवढंच आहे."

या उत्तरानं प्रकरणाला वळण दिलं. रेटिनायटिस पिगमेंटोसा सरकत जातो. आठ वर्षांत जे तसूभरही सरकलं नाही, ते दुसरं काहीतरी असण्याची शक्यता मोठी. पण शक्यता म्हणजे निदान नव्हे. मुलाला दुपारी ईआरजीला बसवायचं ठरलं.

अंधारातली वीस मिनिटं

ईआरजीच्या आधी डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि रुग्णाला वीस मिनिटं मिट्ट काळोखात बसवतात. आई आणि मुलगा खुर्चीवर, मी समोर स्टुलावर. खोली शंभर टक्के काळोखी करणं फार अवघड असतं. यंत्राच्या बारक्या दिव्यावर मी काळी पट्टी चिकटवलेली आहे, तरी तिच्या कडेतून उजेडाचा एक केस बाहेर येतो. पहिली काही मिनिटं तो कुणालाच जाणवत नाही.

या वीस मिनिटांत डोळ्यात जे चालतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पडदा हा शब्दच आपली दिशाभूल करतो. सिनेमाच्या पडद्यावर चित्र नुसतं पडतं, पडदा स्वतः काही करत नाही. डोळ्याचा पडदा तसा नाही. गर्भात तो मेंदूतूनच फुटून बाहेर येतो. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या त्या पापुद्र्यात मज्जापेशींचे तीन थर असतात. उजेड टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या. दिवसा आणि रंगांसाठी शंकूपेशी, साधारण ५० ते ६० लाख. रात्रीसाठी दंडपेशी, ९ ते १२ कोटींच्या घरात. आणि पडद्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तारा? दर डोळ्याला फक्त १० ते १२ लाख. म्हणजे टिपलेलं सगळं पाठवणं शक्यच नाही. पाठवण्याआधी त्याची छाननी पडद्यातच होते.

दुसरी अडचण उजेडाच्या पल्ल्याची. चंद्र नसलेल्या रात्री नुसत्या चांदण्यांचा उजेड असतो सुमारे ०.००१ लक्स (लक्स हे उजेडाचं माप). उन्हाळ्यातल्या भर दुपारी तो लाखभर लक्स होतो. दहा कोटी पटींचा फरक. बाहुली २ मिलिमीटरची ८ मिलिमीटर झाली तरी आत येणारा उजेड वाढतो फक्त सोळापट. उरलेलं सगळं जुळवून घ्यायचं ते पडद्यातल्या पेशींनी. आणि पडद्याच्या शेवटच्या थरातली, मेंदूकडे तार नेणारी पेशी सेकंदाला विजेचे फार तर काहीशे ठोके देऊ शकते. एवढ्याशा मापात एवढा पल्ला बसवायचा कसा?

याचं उत्तर आमच्या भागातल्या कुणालाही चटकन कळेल. लासलगावला कांद्याचा लिलाव सुरू झाला की शिवारात फोन फिरतात. कुणी भाव विचारत नाही असं नाही, पण पहिला प्रश्न असतो, "चढला का पडला?" काल काय होतं ते सगळ्यांना ठाऊकच असतं, बातमी फरकाची असते. पडदाही तेच करतो. आसपासचा सरासरी उजेड तो धरूनच चालतो आणि त्याच्याहून काय उजळ आहे, काय काळं आहे तेवढंच पुढे कळवतो. शेजारच्या पेशींचा आवाज दाबून फरक ठळक करण्याची ही युक्ती केफर हार्टलाइन यांनी घोडनाल खेकड्याच्या डोळ्यात शोधली. १९५३ साली स्टीफन कफलर यांनी मांजराच्या डोळ्यात दाखवलं की शेवटच्या थरातल्या पेशी सरसकट सारख्या उजेडाला फारसं उत्तरच देत नाहीत. त्यांना मधल्या भागाचा आणि कडेचा फरक लागतो. पंचवटीतल्या काळारामाच्या देवळाचा काळा पाषाण दुपारच्या उन्हात जितका उजेड डोळ्यात पाठवतो, तितका संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली ठेवलेला पांढराशुभ्र कागदही पाठवत नाही. तरी पाषाण काळाच दिसतो आणि कागद पांढराच. ही किमया फरकाच्या हिशेबाची.

अंधारात जुळवून घ्यायला मात्र वेळ लागतो. पहिली सात ते दहा मिनिटं शंकूपेशी आपली ताकद वाढवतात आणि थकतात. तिथून दंडपेशी पुढे होतात. त्यांच्यातलं उन्हानं विरून गेलेलं रंगद्रव्य पुन्हा भरत जातं आणि अर्ध्या तासात त्या इतक्या हळव्या होतात की प्रकाशाच्या एकाच कणानंही दंडपेशी हलते. हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ साली हिशेब मांडला होता की माणसाला उजेड जाणवायला पडद्यात पाच ते चौदा कण शोषले गेले तरी पुरतात.

दहाव्या मिनिटाच्या आसपास मला यंत्राच्या टेबलाची कड दिसायला लागली. मी विचारलं, "टेबल दिसतंय का?"

"हो, आता जरा जरा," आई म्हणाली.

"कुठंय?" मुलगा म्हणाला.

मला आईचा चेहरा दिसत नव्हता. तिच्या बांगड्या वाजल्या, तिनं त्याचा हात धरला असावा.

कागदावर उमटलेली रेघ

वीस मिनिटांनंतर मंद लाल दिव्यात मी त्याच्या खालच्या पापणीच्या आत चांदीचा मुलामा दिलेला केसासारखा धागा बसवला. लाल उजेड दंडपेशींना जवळजवळ कळतच नाही, म्हणून साधलेला अंधार मोडत नाही. मुलगा हुशार, एकदाही डोळा चोळला नाही. मग एक अगदी फिकी चमक, मग तिच्याहून कितीतरी पट जोरदार.

चमक पडली की पडद्यात वीज हलते आणि यंत्र तिची रेघ काढतं. ही वीज सर्वप्रथम स्वीडनच्या फ्रित्योफ होल्मग्रेन यांनी १८६५ साली टिपली. निरोगी डोळ्यात जोरदार चमकेनंतर रेघ आधी खाली बुडते, तिला अ-लहर म्हणतात, आणि लगेच उसळून बरीच वर जाते, ती ब-लहर. बुडी ही उजेड टिपणाऱ्या पेशींची. उसळी त्यांच्यानंतरच्या पेशींची, द्विध्रुवी पेशींची. रेघेचे असे भाग पाडून दाखवण्याचं काम राग्नार ग्रानिट यांनी १९३३ मध्ये केलं. १९६७ चं नोबेल त्यांना, हार्टलाइन यांना आणि जॉर्ज वाल्ड यांना मिळून मिळालं. वाल्ड यांचं काम अ जीवनसत्त्व आणि डोळ्यातल्या रंगद्रव्याचं. आजीच्या गाजरांचं शास्त्र तिथलं.

मुलाची रेघ अशी आली. फिक्या चमकेला काहीच उत्तर नाही, सपाट. जोरदार चमकेला अ-लहर खणखणीत, अगदी वयाला साजेशी खोल. आणि ब-लहर? उसळीच नाही. रेघ खाली गेली आणि जेमतेम पायरीभर वर येऊन तिथंच रेंगाळली.

मी चाचणी पुन्हा घेतली, दुसऱ्या डोळ्याची घेतली. तेच.

याचा अर्थ काय ते नीट बघण्यासारखं आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा असता तर दंडपेशीच मेलेल्या असत्या आणि अ-लहरही खचली असती. अ जीवनसत्त्व कमी असतं तर रंगद्रव्यच अपुरं, मग तेव्हाही अ-लहर खचली असती. इथे दंडपेशी जिवंत आहेत, धडधाकट आहेत, चमक टिपतायत. त्यांचं म्हणणं पुढच्या पेशीला ऐकू जात नाहीये.

हे वडिलांना समजावताना मला त्यांच्याच शिवाराची मदत झाली. उजेड टिपणाऱ्या पेशींची रीत आपल्या कल्पनेच्या उलट आहे. त्या अंधारात बोलतात आणि उजेडात गप्प होतात. काळोखात त्यांच्या टोकातून ग्लुटामेट नावाचं रसायन सतत झिरपत असतं. उजेड पडला की ते आटतं. मी विचारलं, "रात्री बागेत रातकिड्यांची किरकिर चालू असते, ती ऐकू येते का?"

"सवयीनं नाही येत," ते म्हणाले. "पण एकदम थांबली की अंगावर काटा येतो. काहीतरी आलंय म्हणायचं."

तसंच. शांतता हाच निरोप. हा निरोप घेणाऱ्या द्विध्रुवी पेशी दोन प्रकारच्या असतात, आणि इथे पुन्हा लासलगाव कामी येतं. एक निरोप्या फक्त 'चढला' कळवतो, म्हणजे उजेड वाढला. दुसरा फक्त 'पडला' कळवतो, उजेड कमी झाला. 'पडला'वाल्याचं काम सरळ आहे. ग्लुटामेट वाढलं की तो चेततो. 'चढला'वाल्याला मात्र ग्लुटामेट आटल्यावर चेतायचं असतं, म्हणजे उलटं. त्यासाठी त्याच्या टोकाशी एक खास कुलूप आहे. ग्लुटामेट असेपर्यंत एमग्लूआर-६ नावाचा ग्राहक (म्हणजे ग्लुटामेट ओळखणारं प्रथिन) टीआरपीएम-१ नावाचं दार बंद ठेवतो. ग्लुटामेट आटलं की दार उघडतं, वीज आत येते, पेशी चेतते. ईआरजीची उसळी म्हणजे अशा लाखो दारांचं एकदम उघडणं. या मुलाच्या पडद्यात ते दार उघडत नाही.

मग दिवसा कसं दिसतं? आणि रात्रच का जाते? हा प्रश्न वडिलांनी स्वतःहून विचारला, आणि मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. शंकूपेशींकडे दोन्ही निरोपे आहेत. 'चढला' मुका झाला तरी 'पडला' बोलतोच. डोळा सतत हलत असतो, प्रत्येक कडेवर कुठेतरी उजेड कमी होतोच, आणि तेवढ्या बातमीवर दिवसाचा कारभार बराचसा निभावतो. दंडपेशींची गोष्ट वेगळी. त्यांच्या मुख्य वाटेवर उभा असलेला निरोप्या एकाच जातीचा आहे, 'चढला' जातीचा. रात्रीची सगळी बातमी त्याच्याकडून आधी एआयआय नावाच्या मधल्या पेशीकडे जाते, आणि ती पेशी मग दिवसाच्या दोन्ही तारांवर ती चढवते. रात्रीची वाट अशी दुसऱ्याच्या गाडीत बसून जाणारी आहे. पहिलंच कुलूप जाम झालं की 'चढला'ही नाही आणि 'पडला'ही नाही.

खात्री करायला मी आणखी एक चाचणी घेतली. भरपूर उजेडात लांबलेली चमक दाखवायची, म्हणजे दिवा लागण्याचं उत्तर आणि विझण्याचं उत्तर वेगवेगळं टिपता येतं. लागण्याच्या क्षणी उसळी नाही. विझण्याच्या क्षणी चांगली ठसठशीत. फडफडत्या दिव्याला मिळालेलं उत्तरही जवळजवळ नेहमीसारखं. हे महत्त्वाचं, कारण या आजाराची एक दुसरी जात असते, अपूर्ण प्रकारची. तिच्यात बिघाड उजेड टिपणाऱ्या पेशींच्याच टोकाशी असतो, ग्लुटामेट सोडणाऱ्या बाजूला, त्यामुळे दोन्ही निरोपे लंगडतात आणि फडफडत्या दिव्याचं उत्तर बरंच खराब येतं. इथे तसं नव्हतं.

आमच्या डॉक्टरांनी निदान लिहिलं: जन्मजात स्थिर रातांधळेपणा, पूर्ण प्रकार. खाली ब-लहर लोपलेल्या या रेघेचं वर्णन १९५२ मध्ये करणाऱ्या शूबर्ट आणि बॉर्नशाइन यांची नावं.

'स्थिर' या शब्दाखाली मी पेनानं रेघ मारली आणि कागद आईकडे दिला. तिनं तो वाचला, मग मला विचारलं, "म्हणजे जाणार नाही?"

या रोगानं जाणार नाही. मोठ्या नंबरासाठी पडदा दरवर्षी तपासायचा, ते वेगळं. ती रडली नाही. तिनं पदरानं मुलाचा चष्मा पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

माकडं, घोडे आणि मामा

"असं आणखी कुणाला असतं का?" हा प्रश्न मुलाचा. त्याला सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या.

एक माकडांची. १९८१ मध्ये स्लॉटर आणि मिलर यांनी दाखवलं की एपीबी नावाचं एक रसायन पडद्यातल्या फक्त 'चढला'वाल्या पेशींना गप्प करतं. पुढे १९८६ मध्ये पीटर शिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते माकडांच्या डोळ्यात घालून पाहिलं. माकडांना आजूबाजूपेक्षा काळा ठिपका ओळखता येई, उजळ ठिपका ओळखणं जड जाई. या मुलाच्या डोळ्यात जन्मतः जे आहे, ते त्यांनी काही काळापुरतं घडवलं होतं.

दुसरी घोड्यांची, जी त्याला फार आवडली. अमेरिकेतल्या अपालूसा जातीत अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेले घोडे असतात. ठिपक्यांचं हे जनुक आईबापांकडून दोन्ही बाजूंनी आलं तर घोड्याला जन्मापासून रात्री दिसत नाही, आणि बिघाड त्याच टीआरपीएम-१ दाराचा. "बिबट्यासारखे?" त्यानं दोनदा विचारलं.

पुढे काय करायचं ते थोडक्यात सांगते. औषध आज नाही. उंदरांमध्ये हेच कुलूप दुरुस्त करण्याचे जनुकोपचाराचे प्रयोग झाले आहेत आणि २०१५ मध्ये त्यांना काही यशही आलं, पण ते उंदरांत, आणि कोवळ्या वयातल्या उंदरांत जास्त. त्यावर आशा लावून पैसे घालवू नका असं स्पष्ट सांगितलं. अ जीवनसत्त्वाचे डोस बंद, कारण शरीरात साठून ते उलटतं. गाजरं खायला हरकत नाही. शाळेत पहिला बाक, खिडकीची बाजू. कपाळावर बांधायची बॅटरी आणि तिचे सेल घरात कायम. विहिरीच्या आणि शेततळ्याच्या बाजूला दिवस मावळल्यावर एकट्यानं जायचं नाही, आणि ही भीती नसून व्यवस्था आहे, हे चुलतभावांना घरातल्या मोठ्यांनी सांगायचं. मोठा झाल्यावर रात्री मोटरसायकल नाही, ट्रॅक्टर नाही. हे आत्ताच सांगून ठेवावं असं मला वाटतं, कारण अठराव्या वर्षी सांगितलेलं पोरं ऐकत नाहीत.

घराण्याची चौकशी करताना आणखी एक गोष्ट निघाली. आईवडिलांचं लग्न नात्यातलं नव्हतं. वडिलांकडे कुणाला असं नाही. पण आईचा थोरला भाऊ, सिन्नरकडचा, चाळीशीचा, लहानपणापासून सोडावॉटरच्या बाटलीसारखा चष्मा. "आणि रात्रीचं?" मी विचारलं. आई आजीकडे बघायला लागली. आजीच बोलली. "तो रात्री बाहेर पडत नाही. लग्नाच्या वरातीतसुद्धा घोड्यावरून उतरवून घेतलं होतं. लोक म्हणत, भित्रा जावई."

मुलगा, आणि मामा. मधली आई निरोगी. हा आकृतिबंध एक्स गुणसूत्रावरच्या दोषाचा. तिथे एनवायएक्स नावाचं जनुक आहे. ते निक्टालॉपिन नावाचं प्रथिन बनवतं आणि त्या प्रथिनामुळे टीआरपीएम-१ चं दार पेशीच्या टोकाशी जागेवर राहतं. प्रथिन नसलं की दार बसायला जागाच मिळत नाही. बायकांकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच. रक्ताचा नमुना पाठवला आणि काही आठवड्यांनी अहवाल आला, एनवायएक्सच. मुलाच्या धाकट्या बहिणीकडे हा दोष असण्याची शक्यता निम्मी, तो तिला बाधणार नाही, पण तिच्या मुलाला बाधू शकतो. हे आईला कागदावर घराण्याचं झाड काढून दाखवलं आणि तो कागदही पिशवीत गेला.

जानेवारीत मामा आला. निफाडला पारा पार उतरलेला, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, भाच्याला सोबत घेऊन. मामाला ईआरजीची गरज नव्हती खरं तर, जनुकाचा अहवाल पुरेसा होता. पण तो म्हणाला, "पोराची काढली तशी माझी पण काढा."

दोघं त्या काळोख्या खोलीत शेजारी बसले. दहाव्या मिनिटाला मी तोच प्रश्न विचारला. मामाला टेबल दिसलं नाही. भाचा म्हणाला, "मामा, मला पण नाही दिसत. ते डाव्या हाताला आहे, मला माहितीय."

रेघ आली ती भाच्याच्या रेघेवर ठेवली असती तर जुळली असती. खाली खोल बुडी, आणि वर उसळी नाही. दिवा लावून मी मामाला कागदावर दाखवलं की ही तुमची पेशी, हिला दिसतंय, आणि इथून पुढे वाट बंद आहे. त्यानं त्या बुडीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"याची एक प्रत मला मिळेल का?" त्यानं विचारलं. "घरी दाखवायचीय."

मी दोन प्रती काढल्या. घडी पडू नये म्हणून त्यानं त्या भाच्याच्या शाळेच्या वहीत ठेवल्या. मग दोघं लगबगीनं निघाले, कारण साडेचार वाजून गेले होते आणि त्यांना उजेडी घरी पोचायचं होतं.